सातबाऱ्यावर देवराईचा आकार नसतो

देवराईतून, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानातून, रस्ता जाणार म्हटलं की ग्रामसभेत प्रश्न एकच: जागा किती जाणार? "आठ आर." (म्हणजे साधारण आठ गुंठे.) मग एवढ्याशासाठी कशाला अडवायचं, म्हणून विषय मिटतो. मला हा हिशेबच मान्य नाही. सातबाऱ्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं, आकार नसतो. राईतल्या बारक्या जीवांचं मात्र सगळं आकारावर अडलेलं असतं.

ऑक्टोबरचं ऊन तापलं की कुठल्याही राईच्या कडेचा पाचोळा पायाने सारून बघा. कुरकुरीत पानं, खाली कोरडी माती, मुंग्या, फार तर एखादी सापसुरळी. आता तीस-चाळीस पावलं आत जा. पानं एकमेकांना चिकटलेली, मधून बुरशीचे पांढरे धागे. थर उचलला की वाणी किडा गुंडाळी करून पडतो, शेजारी नखाएवढी गोगलगाय. नशीब असेल तर देवगांडूळही दिसेल, म्हणजे गांडुळासारखा दिसणारा, बेडकांच्या गोतातला बिनपायाचा जीव. कडेने ऊन-वारा आत घुसतो आणि ओल उडवतो, एवढंच त्याचं कारण. आपल्या झुडपी बेडकांच्या अनेक जातींत बेडूकमाशाची अवस्थाच नसते, अंड्यातून थेट इवलासा बेडूक बाहेर येतो. त्या अंड्यांना डबकं लागत नाही, पण ओल लागते.

आता गणित. समजा ऊन-वाऱ्याचा मारा २० मीटर आत पोचतो. १०० बाय १०० मीटरची चौकोनी राई म्हणजे १ हेक्टर, १०० आर. तिचा थंड, ओला गाभा उरतो ३६ आर. तेवढंच १ हेक्टर ४० बाय २५० च्या पट्टीत असेल तर गाभा शून्य. सातबारा दोन्हींचा सारखाच! (ओहोळाकाठच्या पट्ट्या जरा तग धरतात, त्यांना खालून ओल मिळते.)

यावर कुणी म्हणतं, "कडेलाच तर जास्त प्राणी दिसतात." दिसतात, खरं आहे. फुलपाखरं, सरडे, साळुंक्या, उंदीर-घुशी यांना कड मानवते. पण हे सगळे बाहेर गावभर आहेतच. ब्राझीलमध्ये मानौसजवळ १९७९ पासून १, १० आणि १०० हेक्टरचे जंगलाचे तुकडे अभ्यासले जातायत. तिथं तुकडे पडल्यावर बेडकांच्या जाती चक्क वाढल्या, कारण भोवतालच्या मोकळ्या जागेतल्या जाती आत शिरल्या. म्हणून नुसती डोकी मोजून "बघा, वाढले!" म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. कोण वाढलं, ते सांगा ना.

आपल्याकडे परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात देवरायांचा अभ्यास मांडला, त्याला पन्नासेक वर्षं झाली. आपण अजून गुंठेच मोजतोय. जीर्णोद्धाराच्या नावाखाली मधोमध पेव्हर ब्लॉकचं पटांगण करतो, तेही याच हिशेबाने. देवाचं छप्पर नवं झालं याचा मला आनंदच आहे, पण त्या पटांगणाने राईला आतून एक नवी कड दिली, ती कोण मोजणार?

त्याच चौकोनी राईतून ८ मीटर रुंद रस्ता मधोमध काढा. जागा जाते ८ आर, गाभा मात्र ३६ वरून ७ आरवर येतो. तोच रस्ता एका कडेने न्या. जागा तीच ८ आर, पण गाभा ३१ आर शिल्लक राहतो. वळण घेतलं तर खर्च वाढेल, हे उत्तर मिळणारच. मग किती वाढेल तो आकडा ग्रामसभेत लेखी मागा, आणि शेजारी हे दोन आकडेही लिहायला लावा.