सामन, त्याची गाबोळी आणि एक फॉरवर्ड

मामांनी घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. दोन दिवसांत तोच शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर आला, मग जुन्या सोसायटीच्या. व्हिडिओ मिनिटभराचाही नाही. छातीपर्यंत रबरी पँट घातलेला एक माणूस, त्याच्या हातात भलीमोठी मादी, पोटावरून सुरी फिरते आणि नारिंगी अंडी बादलीत कोसळतात. खाली मजकूर असा:

"रावस माशाची आई हजारो मैल पोहून बाळंतपणाला माहेरी येते आणि हे लोक तिचं पोट फाडून अंडी चोरतात. याला म्हणे संवर्धन! सोडली असती तर ती जगली असती, नदी पिल्लांनी भरली असती. ना देखरेख, ना परवाना, हौशी लोकांची पिकनिक. कारखान्यात नकली मासे बनवतात आणि आईचं कलेवर कचऱ्यात. निसर्गाला त्याचं काम करू द्या. शेअर करा."

मी कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, व्हँकूवरजवळ राहते. गेली काही वर्षं ऑक्टोबर-नोव्हेंबरातले माझे बरेचसे शनिवार अशाच एका ओढ्यात, कमरेएवढ्या थंड पाण्यात जातात. जंगली सामन धरायचे, त्यांची अंडी काढून पिल्लं वाढवणाऱ्या केंद्रात न्यायची, असं काम करणाऱ्या स्वयंसेवकांच्या गटात मी आहे. व्हिडिओत मी नाही, पण असू शकले असते. म्हणून मामांना जे लिहिलं, तेच जरा सविस्तर इथे.

आधी माशाचं नाव. सामन म्हणजे रावस नव्हे. हॉटेलांच्या मेनूकार्डावर रावसाला 'इंडियन सामन' म्हणतात, तिथून हा घोळ झाला असावा. दोघांची कुळं वेगळी. रावस समुद्रातला आणि खाडीतला, तो डोंगरातल्या ओढ्यात वीण करायला चढत नाही. शिवाय रावस आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. तेव्हा 'रावसाची आई' हे प्रकरण मेसेज लिहिणाऱ्याला वाटतं त्यापेक्षा बरंच गुंतागुंतीचं आहे.

"सोडली असती तर ती जगली असती." नसती. अख्खा मेसेज या एका वाक्यावर उभा आहे आणि तेच चुकीचं आहे. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर सामनच्या पाच जाती आहेत: चिनूक, कोहो, सॉकाय, चम आणि पिंक. पाचही आयुष्यात एकदाच वीण करतात आणि मरतात. नदीत शिरल्यावर खाणं थांबतं, जठर आक्रसतं. अंगातली चरबी आणि स्नायू जाळत मासा वर चढतो. ओढ्यात पोहोचेपर्यंत पाठीवर पांढरी बुरशी धरलेली असते. मादी शेपटीने खडी उकरून घरटं करते, त्यात शेपटीची चामडी जाते, काटे दिसायला लागतात. अंडी घातल्यावर काही दिवस ती त्या खड्ड्यावर पहारा देते आणि तिथेच संपते. म्हणजे सुरी तिचं जे आयुष्य कमी करते ते दिवसांत मोजण्याइतकं असतं. आणि सुरी लागते तेव्हा ती जिवंत नसते. आधी डोक्यावर एक नेमका घाव घालून तिला मारलेलं असतं. पहिल्या वर्षी तो घाव घालताना मी तोंड फिरवलं होतं. अजूनही ते काम मी स्वतःहून मागून घेत नाही. कुणाला हे बघवलं नाही तर त्यात गैर काहीच नाही. गैर आहे ते 'जगली असती' हे वाक्य.

जिथे मासा खरोखरच जगू शकतो तिथे पद्धत वेगळी असते. स्टीलहेड, म्हणजे समुद्रात जाऊन येणारा रेनबो ट्राउट, आणि अटलांटिक सामन वीण करूनही वाचू शकतात. त्यांच्या पोटावरून हात फिरवून, दाबून अंडी काढता येतात आणि मासा परत सोडता येतो. लोणावळ्याजवळच्या वळवणला टाटांच्या केंद्रात महसीर या नदीतल्या मोठ्या माशाची अंडी अशीच काढत आले आहेत.

आणि मामा, रागावू नका, पण पहिल्या पावसात ओहोळ उलटे चढणारे वलगणीचे मासे आपण काय करतो? पाग टाकून पोती भरतो. ते मासे गाबोळीने टच्च भरलेले असतात, आणि त्यातले बरेचसे अंडी घालून पुढच्या वर्षीही आले असते. ती गाबोळी मीही चवीने खाल्ली आहे.

"नदी पिल्लांनी भरली असती." चमच्या एका मादीत साधारण अडीच-तीन हजार अंडी असतात. नदीच्या खडीत त्यांतल्या शंभरातली ढोबळमानाने दहाएक पिल्लं होऊन वर येतात. नदी चांगली असेल तर जास्त, नाहीतर त्याहूनही कमी. पुरात खडीच वाहून जाते, गाळ बसला की अंडी गुदमरतात. केंद्रात ट्रेमध्ये ठेवली तर शंभरातली ऐंशी-नव्वद जगतात. पण इथे मला आमच्याच बाजूच्या लोकांनाही टोकायचं आहे. हा आकडा पोस्टरवर छापून टाळ्या घेतल्या जातात, आणि ट्रेमध्ये वाढलेली पिल्लं पुढे समुद्रात जास्त मरतात हे पोस्टरवर नसतं. ऐंशी आणि दहा यांतला फरक शेवटपर्यंत टिकत नाही, फायदा त्याहून बराच कमी असतो.

शहरातल्या ओढ्यांची गोष्ट तर आणखी वेगळी. सिअ‍ॅटलच्या आसपास पाऊस पडला की ओढ्यात आलेले कोहो गरगर फिरायचे, तोंड वासायचे आणि काही तासांत मरायचे. पोटातली गाबोळी तशीच. काही ओढ्यांत चाळीस ते नव्वद टक्के माद्या वीण न करताच मरत. कारण सापडायला वर्षं गेली. २०२० च्या डिसेंबरात शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की गाडीचे टायर टिकावेत म्हणून रबरात ६पीपीडी नावाचं रसायन घालतात, त्यापासून तयार होणारं ६पीपीडी-क्विनोन रस्त्यावरच्या पाण्याबरोबर ओढ्यात येतं आणि कोहोला मारतं. अशा ओढ्यात मादीला 'सोडलं' तर नदी पिल्लांनी भरत नाही.

"ना देखरेख, ना परवाना, हौशी लोकांची पिकनिक." हौशी लोक आहोत हे खरं. आमच्यात एक निवृत्त बसचालक आहे, दोघे पंजाबी भाऊ आहेत, एक फिलिपिनो नर्स आहे आणि थर्मासमधून आल्याचा चहा आणणारी मी. पिकनिकचं मात्र तुम्हीच ठरवा.

आमच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात कॅनडाच्या केंद्र सरकारने सामनवाढीचा कार्यक्रम १९७७ मध्ये सुरू केला, आणि गावोगावचे स्वयंसेवक त्यातलेच. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये १९८१ साली विधिमंडळाने असाच कार्यक्रम उभा केला. तिथे काही नद्यांवर गळ टाकणारे लोक धरलेला जंगली स्टीलहेड पाण्यातल्या नळीत जिवंत ठेवून मत्स्यखात्याच्या ताब्यात देतात. प्रजनक मासे, म्हणजे ज्यांची अंडी आणि वीर्य घ्यायचं ते आईबाप, कुणीही उठून धरायचे नसतात. कोणता ओढा, कोणती जात, किती नर, किती माद्या, हे परवान्यावर लिहिलेलं असतं. आकडा पुरा झाला की जाळं गुंडाळायचं, समोर कितीही मासे उड्या मारत असोत.

जाळं म्हणजे लहानशी रापणच. एक टोक काठावर, दुसरं धरून दोघंतिघं अर्धगोल घेत डोहातून ओढत येतात. मग एकेका माशाच्या पोटावरून अलगद हात फिरवायचा. पोट घट्ट लागलं तर मादी अजून तयार नाही. मऊ पडलं असेल आणि आत सुटे मणी सरकल्यासारखे वाटले तर पिकली. हे वाचून कळत नाही, बोटांना कळावं लागतं. निवृत्त बसचालक एका स्पर्शात सांगतो, मला तिसऱ्या वर्षी जमायला लागलं. जी तयार नाही ती नळीत, डोकं प्रवाहाकडे करून, पाण्यातच राहते.

अंडी आणि नराचं पांढरं मिल्ट कोरड्या बादलीत घेतात. कोरड्या हा शब्द महत्त्वाचा. पाणी लागलं की शुक्रजंतू मिनिटभरही धड पोहत नाहीत, आणि अंड्याचं सूक्ष्म छिद्रही लवकरच बंद होतं. म्हणून पावसात आमच्यातलं कुणीतरी छत्री धरून बादलीवर उभं असतं. माणसावर नाही, बादलीवर. एका मादीची अंडी तीन-चार भागांत वाटून प्रत्येक भागाला वेगळा नर देतात. सगळं मिल्ट एकत्र ओतलं तर एखादाच जोरदार नर बाजी मारतो आणि पुढच्या पिढीत निम्मी भावंडं एकाच बापाची निघतात. मग पाणी, मग आयोडीनच्या द्रावणात निर्जंतुक करणं. मादीच्या अंगातले नमुने रोगाच्या तपासणीला जातात. पहिला दिवस-दीड दिवस गेला की अंड्यात काळे डोळे दिसेपर्यंत ट्रेला धक्का लावायचा नाही. रोज फक्त पाण्याचं तापमान वहीत लिहायचं आणि बेरीज करत जायची. आठ अंश सेल्सिअसचे तीस दिवस म्हणजे दोनशे चाळीस. अडीचशेच्या आसपास डोळे दिसतात, पाचशेच्या आसपास अंडी फुटतात. नाताळच्या सकाळी केकच्या आधी मी ती बेरीज केली आहे.

"कारखान्यात नकली मासे बनवतात." इथे दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी आहे. सुपरमार्केटात मिळणारा शेतीतला सामन बहुतेक अटलांटिक जातीचा असतो, पिढ्यान्‌पिढ्या खाण्यासाठी पोसलेला, आधी टाकीत आणि मग जाळ्याच्या पिंजऱ्यात. आमची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, त्याच ओढ्यातल्या आईबापांची असतात आणि काही महिन्यांत त्याच ओढ्यात सोडली जातात. जंगली प्रजनक दर वर्षी नव्याने धरायचे ते याचसाठी. केंद्रातल्या माशांचीच पिल्लं, मग त्यांची पिल्लं, असं करत गेलं की मासा नदीला नाही, टाकीला सरावतो.

मेसेजमागची ही शंका मात्र बिनबुडाची नाही. ओरेगनच्या हूड नदीतल्या स्टीलहेडवर हितोशी अराकी आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं की बंदिस्त वाढीच्या प्रत्येक पिढीमागे माशाची निसर्गात संतती वाढवण्याची ताकद सुमारे चाळीस टक्क्यांनी घटते. चाळीस म्हणजे थोडं नव्हे. उलट अमेरिकेतल्याच आयडाहोत जॉन्सन क्रीक या ओढ्यावर नेझ पर्स या आदिवासी राष्ट्राने फक्त नदीत जन्मलेले चिनूक प्रजनक म्हणून वापरले. २०१२ च्या अभ्यासात तिथे माशांची संख्या वाढलेली दिसली आणि तशी घट जवळजवळ दिसली नाही. दोन्ही निकाल खरे आहेत. प्रजनक कुठून आणता, किती काळ बंदिस्त ठेवता आणि किती सोडता, यावर सगळं अवलंबून. उत्तर पॅसिफिकभोवतीचे देश मिळून वर्षाला सुमारे पाच अब्ज पिल्लं सोडतात, ते बहुतांशी मासेमारीसाठी. त्या अवाढव्य उद्योगावर टीका करणारा मेसेज असता तर मी स्वतः पुढे पाठवला असता.

केंद्रातल्या बीजाने नुकसान होतं, हे बघायला कॅनडाला यायचीही गरज नाही. लोणावळ्याच्या केंद्रात वाढलेलं निळ्या परांचं महसीर, तोर खुद्री, देशभर वाटलं गेलं आणि कावेरीतही सोडलं गेलं. कावेरीचं स्वतःचं कुबडवालं महसीर, जगातल्या सर्वांत मोठ्या महसीरांपैकी एक, मागे हटत गेलं. २०१८ मध्ये त्याची नेमकी ओळख तोर रेमादेवी अशी पटवणाऱ्यांत पुण्याचे नीलेश डहाणूकरही होते. त्याच वर्षी त्याची नोंद अतिसंकटग्रस्त अशी झाली. धरणं, वाळूउपसा, सुरुंगाने मासेमारी ही कारणं होतीच, पण परक्या नदीचं महसीर आणून सोडणं हेही त्यातलं मोठं कारण. हेतू चांगला होता, नदी चुकीची होती. त्याच ओढ्यातले प्रजनक आणि त्याच ओढ्यात पिल्लं, हा नियम आम्हाला आता सोवळ्याइतका कडक वाटतो तो यामुळे.

"निसर्गाला त्याचं काम करू द्या." आयडाहोच्या डोंगरात रेडफिश लेक आहे. समुद्रापासून नऊशे मैल आत, साडेसहा हजार फुटांवर, वाटेत आठ धरणं. लाल सॉकायवरून तळ्याला नाव पडलं. शोशोनी-बॅनक आदिवासींनी १९९० मध्ये त्याला संरक्षण मिळावं म्हणून अर्ज केला, १९९१ मध्ये हा सॉकाय संकटग्रस्त जाहीर झाला. १९९२ मध्ये किती आले? एक. नर. लोकांनी त्याचं नाव ठेवलं लोन्सम लॅरी, एकटा लॅरी. १९९१ ते १९९८ या आठ वर्षांत मिळून सोळा जंगली मासे परतले. ते सगळे धरले, लॅरीचं मिल्ट गोठवून ठेवलं, आणि त्या मुठभर माशांपासून वंश पुढे नेला. २०१४ मध्ये दीड हजारांहून जास्त सॉकाय परतले. १९९२ मध्ये लॅरीला 'निसर्गाचं काम' करू दिलं असतं तर तो मादी शोधत तळ्यात फिरून मेला असता.

पुढच्याच वर्षी, २०१५ मध्ये, कोलंबिया नदी इतकी तापली की तिच्यात सुमारे अडीच लाख सॉकाय मेले. रेडफिशकडे निघालेल्यांपैकी जेमतेम काही डझन पोहोचले. केंद्राने वंश वाचवला होता, पाणी थंड करणं त्याच्या हातात नव्हतं. म्हणून अमेरिकेतल्या क्लॅमथ नदीवरची चार धरणं पाडून झाली आणि २०२४ च्या ऑक्टोबरात, शंभराहून जास्त वर्षांनी, चिनूक त्यांच्या पलीकडे ओरेगनात दिसले, तेव्हा आमच्या गटाने बादल्या उलट्या ठेवून त्यावर बसून त्याची बातमी मोठ्याने वाचली. त्या कामात आमच्यासारख्यांच्या ट्रेचा काही वाटा नव्हता, तरी.

राहिलं "कलेवर कचऱ्यात." कचऱ्यात नाही. तपासणी झाली की मेलेले मासे आम्ही त्याच ओढ्यात नेऊन ठेवतो. वरच्या अंगाला, जिथे जंगल दाट आहे तिथे. अस्वलं आणि गरुड ते ओढून नेतात, उरलेलं कुजतं, आणि समुद्रातून आलेला नायट्रोजन काठच्या झाडांच्या खोडात सापडतो. हे काम सगळ्यांत शेवटी येतं, तेव्हा काळोख पडत आलेला असतो, बोटं बधिर झालेली असतात आणि टब दोघांनी उचलूनही जड जातो. मामांनी विचारलं, व्हिडिओत हे का नाही दाखवत? मी सांगितलं, वास फार येतो.