हामशीक नापोलीत थांबला, म्हणून तो लहान ठरत नाही

स्लोव्हाकियाचा मिडफिल्डर मारेक हामशीक अकरा वर्षांहून अधिक काळ इटलीत नेपल्स शहराच्या नापोली क्लबात खेळला. त्याचं नाव निघालं की आपल्याकडच्या फुटबॉलवेड्यांत एक वाक्य हमखास कानावर पडतं. "खेळाडू चांगला होता, पण महत्त्वाकांक्षा कमी पडली. मोठ्या क्लबात गेला असता तर कुठल्या कुठे पोचला असता." हे वाक्य मला मुळीच पटत नाही, आणि का पटत नाही ते एकदा नीट लिहायचं होतं. पोस्ट लांबलचक आहे. ज्यांनी हामशीकला खेळताना पाहिलंय त्यांनी शेवटपर्यंत वाचा, आणि पटलं नाही तर बिनधास्त वाद घाला.

आधी 2007 सालचं नापोली काय होतं ते आठवू. मॅराडोनाचा क्लब म्हणून जगाला ठाऊक असलेली ही संस्था 2004 मध्ये दिवाळखोरीत निघाली होती. सिनेनिर्माते ऑरेलिओ दे लाउरेन्तीस यांनी ती विकत घेतली आणि इटलीच्या तिसऱ्या श्रेणीतून नव्याने सुरुवात केली. मूळ नावसुद्धा क्लबला 2006 मध्ये परत मिळालं. एक-एक श्रेणी चढत 2007 मध्ये नापोली सेरी ए मध्ये, म्हणजे इटलीच्या पहिल्या श्रेणीत, परतलं. रेफरींवर प्रभाव टाकल्याच्या प्रकरणात खाली ढकललेलं तुरिनचं बलाढ्य युव्हेंटसही त्याच वर्षी वर आलं. दोन्ही क्लब एकाच मोसमात एकाच श्रेणीतून वर आले, हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्या उन्हाळ्यात नापोलीने ब्रेशाकडून साधारण 55 लाख युरो मोजून एक एकोणीस वर्षांचा पोरगा आणला. बान्स्का बिस्त्रित्सा या मध्य स्लोव्हाकियातल्या शहरात जन्मलेला, पोडलावित्से या तिथल्याच भागातल्या छोट्या क्लबात घडलेला, स्लोव्हान ब्राटिस्लाव्हाकडून जेमतेम काही सामने खेळून सतराव्या वर्षी इटलीत आलेला. त्याच्यासोबत अर्जेंटिनाचा लावेझीही आला. नेपल्सची जनता चिडली होती. इतक्या वर्षांनी वर आलोय आणि ही कोण अनोळखी पोरं आणलीत, असा सूर होता. हामशीकने सेरी ए मधला नापोलीसाठीचा पहिला गोल सप्टेंबरमध्ये सांपडोरियाविरुद्ध केला आणि त्या मोसमाच्या अखेरीस त्याच्या नावावर नऊ लीग गोल होते. मिडफिल्डरच्या. पहिल्याच वर्षी.

आता तो खेळायचा कसा, यावर थोडं थांबतो, कारण आकड्यांत हे दिसत नाही. हामशीक ड्रिबलिंगचा बादशहा नव्हता. झिदानसारखा बॉल पायाला चिकटवून फिरायचा नाही. त्याची खासियत होती ती बॉल नसतानाच्या धावेत. दोघं जण आपसांत पास खेळत असायचे, बचावपटूंचे डोळे बॉलवर असायचे, आणि तेवढ्यात मागून हा तिसरा माणूस पेनल्टी बॉक्समध्ये शिरलेला असायचा. कधी शिरला ते टीव्हीवर दिसायचंच नाही, रिप्लेमध्ये दिसायचं.

2012 चा कोप्पा इतालियाचा, म्हणजे इटलीच्या राष्ट्रीय चषक स्पर्धेचा, अंतिम सामना घ्या. समोर युव्हेंटस, संपूर्ण लीग मोसमात एकही सामना न हरलेलं. कावानीने पेनल्टीवर 1-0 केलं. युव्हेंटस बरोबरीसाठी सगळं पणाला लावून पुढे आलेलं. 83 व्या मिनिटाला नापोलीला प्रतिहल्ला मिळाला. बॉल पांडेव्हकडे, आणि हामशीक मैदानाच्या मधून सुटलेला. तो धावताना एकदाही हात वर करून बॉल मागत नाही. पांडेव्हचा पास येतो, समोर फक्त गोलरक्षक, आणि हा शांतपणे बॉल जाळ्यात घालतो. इतक्या महत्त्वाच्या क्षणी इतकी घाई नसलेला माणूस मी फार कमी वेळा पाहिलाय. 1990 नंतर नापोलीने जिंकलेला तो पहिला मोठा करंडक होता.

त्या संघातल्या लावेझी, कावानी आणि हामशीक या त्रिकुटाचं काय झालं? लावेझी त्याच उन्हाळ्यात पॅरिसच्या पीएसजी क्लबात गेला. कावानी पुढच्या वर्षी तिथेच गेला. त्याच्या जागी आलेला इग्वाईन 2016 मध्ये चक्क युव्हेंटसला गेला, 9 कोटी युरोला. हामशीकचं नावही दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या क्लबाशी जोडलं जायचं. मिलान, युव्हेंटस, इंग्लंडचे क्लब. सप्टेंबर उजाडला की हा पुन्हा कास्तेल व्होल्तुर्नोच्या सरावमैदानावर, पाठीवर तोच 17 नंबर.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे तालमींचे फुटबॉल संघ असतात. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम विरुद्ध प्रॅक्टिस क्लब हा सामना ज्याने पाहिलाय, त्याला एका तालमीचा खेळाडू दुसऱ्या तालमीत गेला की पेठेत काय होतं ते सांगावं लागत नाही. म्हणून इग्वाईन गेला तेव्हा नेपल्समध्ये लोक का पेटले हे मला लगेच कळलं. आणि हामशीक राहिला याची किंमतही कळली.

पण "त्याग केला" असं मी म्हणणार नाही. त्याला पगार उत्तम होता, दोन हजारांच्या दशकात कुटुंबासह तिथे रुजला, सहकारी खेळाडू वॉल्टर गार्गानो तर नात्यातला झाला, हामशीकच्या बहिणीशी लग्न करून. त्याला तिथे राहायचं होतं म्हणून तो राहिला. माझा मुद्दा वेगळा आहे. मोठ्या क्लबात जाणं हीच महत्त्वाकांक्षा, असं आपण धरून चालतो. तिसऱ्या श्रेणीतून नुकत्याच वर आलेल्या क्लबला युव्हेंटसच्या बरोबरीला नेऊन ठेवायचं, ही महत्त्वाकांक्षा मोठी की तयार संघात जाऊन पदकं गळ्यात घालून घेणं मोठं? मला पहिली मोठी वाटते, आणि ती त्याने जवळजवळ पूर्ण केली.

जवळजवळ. हा शब्द मला अजून टोचतो.

मौरिझिओ सारी नापोलीचे प्रशिक्षक असतानाची ती तीन वर्षं ज्यांनी पाहिली, ते भाग्यवान. मध्यरात्र उलटून गेल्यावर सुरू होणारे सामने, आणि तरी झोप यायची नाही असा खेळ. मधल्या फळीत मध्ये जॉर्जिन्यो, उजवीकडे अलान, डावीकडे हामशीक. त्या डाव्या बाजूला घुलाम, हामशीक आणि इन्सिन्ये यांचा त्रिकोण एका स्पर्शात बॉल असा फिरवायचा की समोरच्या संघाला फक्त बघत बसावं लागायचं. मग अचानक तिकडून उंच बॉल उजव्या खांबापाशी, आणि तिथे कायेहोन हजर. हा डाव प्रत्येकाला माहीत होता, तरी थांबवता यायचा नाही.

एक गोष्ट मात्र तेव्हाही खटकायची. साठ-पासष्ट मिनिटं झाली की हामशीकच्या नंबरचा बोर्ड वर जायचा आणि झिएलिन्स्की आत यायचा. जवळपास प्रत्येक सामन्यात. कर्णधार होता तो, 2014 पासून. इतर कुणी बाटली लाथाडली असती. हा दंडावरची पट्टी काढून द्यायचा, टाळ्या वाजवायचा आणि बाकावर जाऊन बसायचा. ज्याला लोक महत्त्वाकांक्षेचा अभाव म्हणतात, त्यातलं अर्धंअधिक मला हा स्वभाव वाटतो. आरडाओरडा करणाऱ्यालाच आपण भुकेला समजतो.

2017-18 च्या मोसमात नापोलीने 91 गुण मिळवले. 22 एप्रिलला तुरिनमध्ये जाऊन 90 व्या मिनिटाला कुलिबालीच्या हेडरने युव्हेंटसला हरवलं. नेपल्समध्ये लोक रात्रभर रस्त्यावर होते. आठवड्याने फ्लोरेन्समध्ये त्याच कुलिबालीला सुरुवातीलाच लाल कार्ड मिळालं, सिमेओनेने तीन गोल केले, संपलं. युव्हेंटस 95 गुणांवर विजेते. 91 गुण घेऊन दुसरं! इटलीत कितीतरी वर्षी याहून कमी गुणांत विजेतेपद मिळालंय. हामशीकच्या काळात युव्हेंटसने 2012 पासून सलग विजेतेपदं घेतली, त्यात नापोली तीनदा मोसम संपताना दुसऱ्या क्रमांकावर होतं आणि तो निघून गेला त्या मोसमातही दुसरंच राहिलं. सोबतच वर आलेल्या दोन क्लबांपैकी एकाची आर्थिक ताकद दुसऱ्याच्या कितीतरी पट होती. या शर्यतीत दुसरं येणाऱ्याला "काही जिंकलं नाही" म्हणणं सोपं आहे.

आणि काही जिंकलं नाही हेही खरं नाही. 2012 चा कप सांगितला. 2014 चा कोप्पा इतालिया कर्णधार म्हणून उचलला. ती रोमची रात्र वाईट होती. सामन्याआधी स्टेडियमबाहेर नापोलीच्या एका चाहत्याला गोळी लागली, पुढे तो दगावला. गॅलरीत अफवा पसरलेल्या, सामना लांबलेला, आणि कर्णधार म्हणून हामशीक स्वतः आपल्या चाहत्यांच्या गॅलरीसमोर बोलायला गेला. त्या प्रसंगावर इटलीत बरीच टीका झाली, की खेळाडूला गुंडांशी वाटाघाटी का कराव्या लागतात. टीका योग्यच होती, पण ती व्यवस्थेवर. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दोहाला युव्हेंटसला पेनल्टी शूटआउटवर हरवून इटालियन सुपर कपही घेतला.

मग मॅराडोनाचा विक्रम. नापोलीसाठी 115 गोल. नेपल्समध्ये या आकड्याला हात लावणं म्हणजे देवाच्या गाभाऱ्यात जाणं. 23 डिसेंबर 2017 ला नापोलीच्या सान पाओलो मैदानावर सांपडोरियाविरुद्धच हामशीकने 116 वा गोल केला. मॅराडोनाने ते गोल 259 सामन्यांत केले, हामशीकला जवळपास दुप्पट सामने लागले, त्यामुळे तुलना करण्यात अर्थ नाही आणि त्याने स्वतः कधी केलीही नाही. 520 सामने आणि 121 गोल, हा त्याचा नापोलीतला हिशेब. गोलांत पुढे मेर्टेन्सने आणि नंतर इन्सिन्येने त्याला मागे टाकलं. सामन्यांचा विक्रम त्याच्याच नावावर आहे.

स्लोव्हाकियाबद्दल न लिहिता हे पूर्ण होणार नाही. साधारण 54 लाख लोकसंख्येचा देश, 1993 मध्ये वेगळा झालेला. 2010 च्या विश्वचषकाला पहिल्यांदा पात्र ठरले, कर्णधार हामशीक, वय 22. न्यूझीलंडशी बरोबरी, पॅराग्वेकडून हार, आणि शेवटच्या सामन्यात समोर गतविजेता इटली. ज्या देशात हा राहतो, खेळतो, ज्यांच्यासोबत वर्षभर ड्रेसिंग रूममध्ये बसतो, त्यांना जोहान्सबर्गमध्ये 3-2 ने हरवून घरी पाठवलं. गोल व्हिटेकने दोन आणि कोपुनेकने एक केला. पण तो संघ कुणाभोवती उभा होता हे सामना पाहणाऱ्याला कळत होतं.

आणि 2016 चा युरो, लिल, रशियाविरुद्ध. पहिल्या गोलच्या वेळी हामशीकने आपल्याच अर्ध्या भागातून लांब पास दिला, थेट वाईसच्या धावेत. मध्यंतराच्या तोंडावर त्याचा स्वतःचा गोल. छोटा कॉर्नर, बॉक्सच्या डाव्या कोपऱ्यात बॉल, एकाला चकवून आत, आणि उजव्या पायाने लांबच्या खांबाला लागून जाळ्यात. स्लोव्हाकियाने तो सामना 2-1 ने जिंकला, युरोत स्वतंत्र देश म्हणून त्यांचा पहिला विजय. देशासाठी सर्वाधिक सामने आणि सर्वाधिक गोल दोन्ही त्याच्याच नावावर आहेत.

एका गोष्टीचं मला अजूनही वाईट वाटतं. फेब्रुवारी 2019 मध्ये, मोसम अर्ध्यावर असताना, तो चीनच्या दालियानला गेला. पैसे मोठे होते, वय 31 झालं होतं, हक्क त्याचा होता. पण साडेअकरा वर्षं दिलेल्या माणसाला भरल्या स्टेडियममध्ये निरोप मिळाला नाही, हे क्लबने आणि त्याने मिळून चुकवलं. मे महिन्यापर्यंत थांबायला हवं होतं. माझं हे मत त्याच्या बाजूने लिहितानाही बदलत नाही.

चीननंतर थोडे दिवस स्वीडनमध्ये गोटेबोर्ग, आणि मग तुर्कस्तानात त्राब्झोनस्पोर. काळ्या समुद्राच्या काठचा, इस्तंबूलच्या बड्या क्लबांशी झगडणारा संघ. पुन्हा तीच निवड! 2022 मध्ये त्राब्झोनस्पोरने 38 वर्षांनी लीग जिंकली. नेपल्समध्ये हुकलेलं लीग विजेतेपद त्याला चौतिसाव्या वर्षी तिथे मिळालं.

2023 च्या मे महिन्यात नापोलीने 33 वर्षांनी सेरी ए जिंकली, आणि त्याच उन्हाळ्यात हामशीकने बूट टांगले. त्या विजेत्या संघाची मधली फळी चालवत होता स्तानिस्लाव लोबोत्का, स्लोव्हाकियाचाच, राष्ट्रीय संघात वर्षानुवर्षं हामशीकच्या शेजारी खेळलेला. 2025 ला नापोलीने पुन्हा लीग जिंकली तेव्हाही तोच होता. हामशीक आपल्या गावी, पोडलावित्सेत, स्वतःच्या नावाची फुटबॉल शाळा चालवतो. आता तिथल्या एखाद्या पोराला सतराव्या वर्षी नापोलीचं बोलावणं आलं, तर नेपल्समध्ये "हा कोण?" असं कुणी विचारणार नाही.