पाणी मुरवा, पण माशापर्यंत पोचू देऊ नका

नदीतले देशी मासे वाचवायचे म्हणून भूजल पुनर्भरण करायचं ठरवलंत? अभिनंदन. आता एवढंच सांभाळा की खर्च व्हावा, फलक लागावा, फोटो निघावेत, पण एप्रिलमध्ये बेळगावकडच्या मार्कंडेय नदीच्या डोहात जादा थेंब येऊ नये. हे वाटतं तितकं अवघड नाही.

उन्हाळ्यात नदी जगते ती काठच्या जमिनीतून झिरपणाऱ्या पाण्यावर. काठच्या विहिरीची पातळी नदीपेक्षा वर असेल तोवर पाणी नदीकडे येतं. पातळी खाली गेली की नदीच उलटी विहिरीकडे जायला लागते. हा सगळा खेळ लक्षात घेऊनच जागा निवडा. शक्यतो काळी जमीन धरा. ती भिजली की भेगा मिटतात, पाणी वरच तुंबतं आणि एप्रिलच्या उन्हात रोज पाचसहा मिलिमीटर उडून जातं. मुरमाड माळ, खानापूरकडचे जांभ्याचे उतार, ओढ्याचा वरचा भाग अशा ठिकाणी फिरकू नका, तिथे पाणी खरंच मुरतं. काळी जमीन मिळालीच नाही तर अगदी नदीकाठाला चर मारा. तिथे मुरलेलं पाणी नदी भरलेली असतानाच तिच्यात उतरून मोकळं होईल. तेच पाणी काही शे मीटर वर मुरवलं तर सावकाश येतं आणि ऐन उन्हाळ्यात पोचण्याचा धोका असतो.

बोअर पुनर्भरणाचा खड्डा मात्र थाटात करा. जाणकार सांगतात ते असं: केसिंगभोवती, म्हणजे बोअरच्या पाइपाभोवती, तीन मीटर लांब, तीन रुंद, तीन खोल खड्डा, केसिंगच्या खालच्या भागाला भोकं पाडून त्यावर नायलॉनची जाळी घट्ट गुंडाळलेली, तळाला मोठे दगड, त्यावर खडी, मग बारीक खडी, सगळ्यात वर जाड वाळू, आणि पाणी खड्ड्यात येण्याआधी गाळ बसायला वेगळी टाकी. यातली गाळाची टाकी गाळा, दोन पैसे वाचतील. पहिल्या दोन पावसांतच वाळूवर चिखलाची साय धरेल आणि खड्ड्याचं डबकं होईल. दर वर्षी वरची पाच-दहा सेंटिमीटर वाळू खरवडून बदलली तर खड्डा वर्षानुवर्षं चालतो, म्हणून ते काम कोणाच्या नावावर लिहूच नका. जाळी बांधायलाही विसरा. वाळू बोअरमध्ये उतरेल आणि मोटर बसेल. गोठ्याचं आणि रस्त्याचं पाणी सोडलंत तर सोन्याहून पिवळं, कारण बोअरमध्ये थेट गेलेली घाण वाटेत कुठे गाळली जात नाही.

आता मुख्य मुद्दा. समजा, चुकून पाणी मुरलं. घाबरू नका, ऊस आहे. नदीला १०० दिवस सेकंदाला १० लिटर झिरपा द्यायचा तर ८६,४०० घनमीटर पाणी लागतं, म्हणजे सुमारे ८६ हेक्टरांवर प्रत्येकी १०० मिलिमीटर पाऊस जमिनीत उतरायला हवा. केवढा उपद्व्याप! त्याउलट पाच अश्वशक्तीची मोटर सेकंदाला सहाएक लिटर उपसते. अशा सहा मोटरी ते १०० दिवस रोज सात तास चालल्या की तेवढंच पाणी वर आलं. तेव्हा विहिरीला चार फूट पाणी वाढलेलं दिसताच आणखी दोन एकर लावण करा, शेजाऱ्याला नवी बोअर मारायला सांगा. ठिबकचं नाव काढू नका. उन्हाळ्यात काठच्या विहिरींचा उपसा आवरायचा ठराव ग्रामसभेत आलाच, तर चहा मागवा आणि विषय बदला. आपला काळा पाषाण तसाही फार पाणी धरत नाही, त्यामुळे लवकर निकाल लागेल.

नदीच्या पात्रातही थोडं काम उरतं. झिरपून आलेलं पाणी पंचवीस अंशांच्या आसपास असतं, तर उथळ पात्र दुपारी बत्तीसवर जातं. डोहातल्या खडसाला, म्हणजे साइक्सने १८३९ मध्ये नोंदवलेल्या दख्खनच्या महसीरला, हा गारवा हवाच असतो. पण जमिनीतून येणाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, तो त्याला गोट्यांवरून खळखळताना मिळतो. म्हणून ‘खोलीकरण’ या पवित्र नावाखाली जेसीबी घाला आणि गोटे, वाळू सगळं उचला. अंडी घालायची जागाही आपोआप गेली. पात्र आजूबाजूच्या मुरमाच्या खाली गेलं, की काठच्या जमिनीतलं पाणी दिवाळीच्या आसपासच निथळून जाईल. केटी, म्हणजे कोल्हापुरी पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) जूनमध्ये काढायची घाई नको. पहिल्या पुराला वर चढणारा मासा बरग्याला तोंड घासत बसेल, तेवढीच मासेमारीची सोय.

मग मत्स्यबीज सोडा. रोहू, कटला हे गंगेकडचे पाहुणे. त्यांच्याबरोबर थोडी चिलापी, म्हणजे तिलापियाही सोडली तर उत्तम. तिला ना थंड पाणी लागतं ना फार प्राणवायू. मादी अंडी तोंडात धरून सांभाळते, त्यामुळे गोटे गेल्याचं तिला सुतक नाही. मरळ, शिंगाळा, वाम काय करतील हा तुमचा प्रश्न नव्हे.

मोजणी करायचीच असेल तर ऑगस्टमध्ये करा, तेव्हा सगळ्याच विहिरी तुडुंब असतात. ठरलेल्या चार विहिरींची पातळी फेब्रुवारी ते मे, सकाळी मोटर लावायच्या आधी टेपने मोजणं आणि डोहात काठ ते तळ थर्मामीटर फिरवून गार झिरपा शोधणं ही कामं फुकटात होतात, आणि नेमका प्रकार उघडा पाडतात. त्यापेक्षा फलकावर कन्नड वर की मराठी वर, यावर बैठक बोलवा. ती मेपर्यंत सहज पुरेल. आणि हिरण्यकेशी नदी संकेश्वरजवळ आटलीच, तर वर आजरा-गडहिंग्लजवाले आहेतच की. निवेदन देऊन टाका, तेही महाराष्ट्राच्या पत्त्यावर.