काळजाचा पासवर्ड कसा विकावा

पासवर्ड लोक विसरतात, बोटांचे ठसे जिथे-तिथे ठेवून येतात. तेव्हा तुम्ही सरळ काळजालाच हात घाला. ईसीजीच्या, म्हणजे हृदयाच्या विजेच्या आलेखाच्या, एका लीडवरून (एका जोडणीतून मिळालेल्या रेघेवरून) माणूस ओळखता येतो, असं सांगणारा शोधनिबंध २००१ सालीच आला आहे. उरलंय ते फक्त विकणं.

आधी चाचणी. स्वयंसेवक गोळा करू नका. ते दुसऱ्या दिवशी परत येतात आणि घोळ करतात. एमआयटी-बीआयएच हा ईसीजींचा संग्रह फुकट मिळतो: ४८ नोंदी, प्रत्येकी अर्ध्या तासाची, सेकंदाला ३६० मोजमापं. तो अनियमित ठोके पकडणारी यंत्रं तपासायला केलेला, पण विचारतंय कोण? प्रत्येक नोंदीची पहिली पंधरा मिनिटं शिकवायला, पुढची पंधरा परीक्षेला. इलेक्ट्रोड तेच, कातडी तीच, जागा तीच. निकाल देखणा येणारच. एक बारीक गोष्ट: माणसं ४७ च आहेत, २०१ आणि २०२ या नोंदी एकाच गृहस्थाच्या. तुमच्या प्रणालीने त्याला त्याच्यापासूनच वेगळं काढलं, तर तेही अचूकतेत जमा करा.

गिऱ्हाईक मात्र जिना चढून येतं. नाडी वाढली की क्यूटी अंतर (ठोक्याच्या विजेच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंतचा वेळ) आखडतं, टी लहर, म्हणजे ठोक्याचा शेवटचा उंचवटा, क्यूआरएसकडे, म्हणजे मधल्या टोकदार सुळक्याकडे, सरकते. तुम्ही ठोका ठरावीक ६०० मिलिसेकंदांचा कापत असाल, तर मिनिटाला १२० ठोक्यांना त्या चौकटीत पुढचा ठोकाही घुसतो. उपाय म्हणून बाझेटचं १९२० सालचं सूत्र लावा: क्यूटीला आरआर अंतराच्या (दोन ठोक्यांमधल्या वेळाच्या) वर्गमुळाने भागा. जलद ठोक्यांना ते गरजेपेक्षा जास्त दुरुस्ती करतं, म्हणजे चूक दुसऱ्या बाजूला जाते. तेवढाच बदल.

मग गाळणी. श्वासाचे हेलकावे ०.५ हर्ट्झच्या खाली, विजेची गुणगुण ५० किंवा ६० ला, स्नायूंची थरथर म्हणून ४० च्या वरचं सगळं छाटा. वर दहा ठोक्यांची सरासरी घ्या. दाराशी उभ्या माणसाचे दहाएक सेकंद जातील, जाऊ देत. क्यूआरएसमधल्या बारीक खाचा, म्हणजे ओळख पटवणारा ऐवजच, यात घासून जातो. पण आलेख काय सुरेख दिसतो!

मेंदूलहरींच्या नादी लागू नका. सिग्नल मोजक्या दहा-वीस-पन्नास मायक्रोव्होल्टचा, पापणी लवली की तो बुडतो, आणि इलेक्ट्रोडचं जेल लावलेल्या केसांनी कोणी ऑफिसात जात नाही.

‘ठोका चोरता येत नाही’ हे मात्र खोक्यावर ठळक छापा. २०१७ मध्ये संशोधकांनी दुसऱ्या उपकरणावर घेतलेला ईसीजी जुळवून, लॅपटॉपच्या साउंड कार्डातूनही ईसीजीवरून मालक ओळखणाऱ्या मनगटी यंत्राला पाजून दाखवला होता. ते बारीक अक्षरांतही छापायची गरज नाही. ठोक्याचा साठवलेला नमुना फुटलाच, तर नवीन हृदय बसवून घेण्याची सोय गिऱ्हाइकाने स्वतः पाहावी.

राहिला उंबरठा, म्हणजे ठोका नमुन्याशी किती जुळला की दार उघडायचं ती मर्यादा. खरा माणूस बाहेर अडकला की फोन करून शिव्या घालतो. परका आत शिरला तर तो फोन करत नाही. म्हणून दर शिवीमागे उंबरठा थोडा सैल करा. आणि वयाबरोबर, औषधांबरोबर लहर बदलते, तेव्हा दर यशस्वी प्रवेशानंतर साठवलेला नमुना आपोआप अद्ययावत होऊ द्या. एकदा आत आलेला परका मग रोज थोडा थोडा मालक होत जाईल, आणि मूळ मालक फोन करील तेव्हा त्याला नम्रपणे ओळखपत्र मागा.