वाचता येतं म्हणजे नेमकं काय येतं?

मागे एकदा दुसरीतल्या एका मुलीने धडा घडाघडा म्हणून दाखवला. बोट मात्र भलत्याच ओळीवर. मी चित्र हाताने झाकलं, मधलाच एक शब्द दाखवून विचारलं, "हे काय गं?" गप्प. अख्खा धडा पाठ होता, वाचता एक शब्द येत नव्हता. पोटात गलबललं, कारण दुसरीपर्यंत हे आम्हा मोठ्यांपैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

आधी क ते ज्ञ, मग बाराखडी, शब्द त्यानंतर, यात वर्ष घालवायची खरंच गरज नाही. क, म, ल, र, घ ही पाच अक्षरं आणि एक काना घ्या. घर, मका, लाल, मामा, काल, मला... "काका, मला मका" हे वाक्य मूल स्वतः वाचतं आणि मान वर करून तुमच्याकडे बघतं. तो चेहरा एकदा बघाच.

खरी मेख पुढे आहे. 'कि' लिहिताना वेलांटी आधी दिसते, उच्चारात मात्र क आधी. 'सूर्य'मधला रफार य च्या डोक्यावर, बोलताना र आधी. इथे अडखळणारं मूल ढ नसतं हो! डोळ्यांना जसं दिसतं तसंच ते वाचत असतं. त्याला आधी कानाने शब्द फोडता यायला हवा. टाळ्या वाजवत, गाणी म्हणत, रोज दहा मिनिटं.

2021 मध्ये केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान आलं. तिसरीअखेर प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावं, हे त्याचं ध्येय मला मनापासून पटतं. पण चाचणी जवळ आली की मिनिटाला किती शब्द, याचीच घोकंपट्टी होते आणि 'अर्थ समजून' मागे पडतं.

लिहिण्याचंही तसंच. फळ्यावरचं वहीत उतरवणं म्हणजे लेखन नव्हे, हे माझं ठाम मत. पुढे अक्षरं जमू लागल्यावर त्याच मुलीला म्हटलं, काल घरी काय झालं ते लिही, चुकलं तरी चालेल. बराच वेळ पेन्सिल चावून तिने लिहिलं, "आमची शेळि येली. दोन पिल." 'येली'चं 'व्याली' मी केलं नाही. लाल पेन काढलाच नाही. खाली फक्त विचारलं, "पिल्लं कोणत्या रंगाची?"

तिने वाचलं. स्वतः. आणि दुसऱ्या दिवशी त्याखाली उत्तर होतं: "येक काळ येक पांडर."