निळा शिक्का

आज लेकीचा सहामाहीचा नागरिकशास्त्राचा पेपर घरी आला. प्रश्न होता: परिसरातील एक समस्या सांगून तुम्ही काय कराल ते लिहा. तिने लिहिलं, गल्लीतला दिवा बंद आहे, महापालिकेत अर्ज देईन आणि पोच घेईन. त्यावर लाल काट! शेजारी शेरा, 'पुस्तकातले मुद्दे लिही.'

डोकंच फिरलं माझं.

आम्ही सातवीत असताना पंचवटीतल्या आमच्या शाळेबाहेरची गटार तुंबली होती. सरांनी धडा मिटला, फळ्यावर 'प्रति' लिहिलं आणि म्हणाले, पुढचं तुम्ही सांगा. सगळ्या वर्गाने सह्या केल्या. चौघांना घेऊन सर कचेरीत गेले, त्यात मी होते. खिडकीतल्या काकांनी आमच्या प्रतीवर निळा शिक्का मारला, आवक क्रमांक टाकला. शाई ओली होती, मी रस्ताभर फुंकर मारत आले.

आणि आता? 11 मूलभूत कर्तव्यं क्रमाने पाठ, महापालिकांना घटनेत स्थान देणारी 74वी घटनादुरुस्ती पाठ, पण स्वतःचा प्रभाग विचारा, गप्प. मार्च 2022 मध्ये नाशिक महापालिकेची मुदत संपली, प्रशासक बसले आणि निवडणूक वर्षानुवर्षं लांबली. त्याच काळात पोरं 'दर पाच वर्षांनी निवडणूक' घोकत होती. लेकीने वर्गात विचारलं, मग आपला नगरसेवक कोण? उत्तर मिळालं, परीक्षेला येणार नाही ते.

समतेचा धडाही तसाच. 2 मार्च 1930 ला बाबासाहेबांनी ज्या काळाराम मंदिरापाशी सत्याग्रह सुरू केला, ते हिच्या शाळेपासून चालत जाण्यासारखं. एकदा तरी न्यायचं ना पोरांना!

बाईंचंही मी समजू शकते. वर्गात साठ मुलं, वर निवडणुकीची ड्युटी. कलमं पाठ नसतील तर भांडणार कशाच्या जोरावर, हेही मान्य. पण खरं उत्तर लिहिणाऱ्या पोरीला काट मारू नका हो. ती संध्याकाळपासून गप्प आहे.

आमची गटार लगेच उपसली नाही, पावसाळा गेला. पण शिक्का मारताना त्या काकांनी मला 'अर्जदार कोण?' विचारलं होतं, आणि मी हात वर केला होता. ते अजून अंगात आहे.

जेवणं झाल्यावर आम्ही दोघी टॉर्च घेऊन खाली गेलो, खांबाचा नंबर उतरवून घेतला. अर्ज तिनेच लिहिलाय. उद्या शनिवार, कचेरी बंद. सोमवारी शाळेला अर्धी सुट्टी घेऊन तिला नेणार आहे, दोन प्रती घेऊन.