गोगलगाय, वाणी, गांडूळ, विंचू: सगळे एका फवाऱ्याचे धनी नव्हेत

मृग लागला की लातूर, बीड, धाराशिवकडच्या शेतकऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. थोडक्यात तो असा: ‘गोगलगाय, वाणी (पैसा किडा), गोम, विंचू, गांडूळ हे सगळे बिनकण्याचे किडेच. कोणतंही जालीम कीटकनाशक मारा, सगळं साफ. गांडुळांची काळजी नको, एकाचे दोन तुकडे झाले की दोन गांडुळं होतात. विंचवाच्या मादीला तर तिची पिल्लंच खातात. गोगलगायी फार झाल्या तर बांधाने मीठ टाका.’ 2022 च्या खरिपात उगवून आलेलं सोयाबीन गोगलगायींनी फस्त केलेलं ज्यांनी पाहिलं, ते हा मेसेज का पुढे पाठवतात हे मला समजतं. पण यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि त्याचा भुर्दंड शेतकऱ्यालाच बसतो.

‘सगळे किडेच.’ कणा नसणं एवढंच यांच्यात समान. 1758 मध्ये स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ लिनियस यानेही बिनकण्याच्या साऱ्या प्राण्यांचे दोनच वर्ग केले होते: कीटक आणि कृमी. विंचू, कोळी, खेकडे कीटकांत. गोगलगाय, गांडूळ कृमींत. ती मोट 1801 च्या सुमारास लामार्क या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने सोडवायला घेतली. आज प्राण्यांचे तीसहून अधिक संघ, म्हणजे मोठे मूळ गट, मानतात, आणि कणा असलेले सगळे प्राणी त्यातल्या एकाच संघात बसतात. गोगलगाय मृदुकाय (मऊ अंगाची), म्हणजे शिंपले आणि ऑक्टोपसची नातलग. गांडूळ जळवेच्या भाऊबंदांपैकी. वाणी, गोम, विंचू आणि खरे कीटक हे संधिपाद (सांधेदार पायांचे) खरे, पण त्यांचीही घरं वेगळी. कीटकाला पाय सहा. मृगाचा किडा तळहातावर घेऊन पाहा, त्या लाल मखमली अंगाखाली पाय आठ आहेत. तो कोळ्या-विंचवांच्या गोतातला. वाणी उलटी करून पाहा: बहुतेक वलयांना पायांच्या दोन-दोन जोड्या. गोमेला एकेकच. वाणी कुजका पालापाचोळा खाते आणि ओल्या रानात कोवळ्या कोंबांवर येते, तर गोम शिकार करून जगते.

‘कोणतंही कीटकनाशक चालतं.’ खरा घात इथे होतो. बहुतेक कीटकनाशकं कीटकांची मज्जासंस्था किंवा कात टाकण्याची क्रिया डोळ्यांपुढे ठेवून बनवलेली असतात. गोगलगाय कात टाकतच नाही. मोजकी विषं दोघांनाही लागू पडतात, बाकीचा खर्च पाण्यात जातो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात सोयाबीनवरच हे तपासलं गेलं. थायमेथोक्झाम हे कीटकनाशक लावलेल्या बियाण्याची रोपं बिनशंखाच्या गोगलगायींनी खाल्ली, त्यांना काही झालं नाही. त्यांना खाणारे भुंगेरे मात्र त्या विषाने मेले किंवा लुळे पडले. म्हणजे औषधाने शत्रू वाचवला आणि राखणदार मारला.

आपल्याकडची शंखी गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेतली. उन्हाळ्यात ती शंखाचं तोंड पांढऱ्या पडद्याने बंद करून दगडाखाली, मातीत पडून राहते आणि पावसाच्या ओलीने जागी होते. प्रत्येक गोगलगाय नरही असते आणि मादीही, त्यामुळे अंडी कोणतीही घालू शकते. ही अंडी साबुदाण्याएवढी, मातीत एका जागी शंभराच्या वर. फवारा तिथवर पोचत नाही. गोगलगायीसाठी मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांचं आमिष असतं, तेही डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच आणि कुत्री, गुरं, कोंबड्या यांच्यापासून लांब. ते त्यांनाही घातक आहे.

‘गांडुळाचे तुकडे झाले तर दोन होतात.’ होत नाहीत. डोक्याकडचा भाग पुरेसा लांब उरला तर त्याला शेपूट फुटू शकतं, शेपटाकडचा तुकडा सहसा मरतो. आपल्या रानातलं गांडूळ रोटाव्हेटरखाली वाढत नाही, घटतं.

विंचवाची गोष्ट तर आजीपासून ऐकलेली असते, म्हणून ती सहज पटते. मादी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लांना जन्म देते. पांढुरकी मऊ पिल्लं तिच्या पाठीवर चढतात आणि पहिली कात टाकेपर्यंत अंगात साठलेल्या अन्नावर जगतात, मग खाली उतरतात. आईला ती खात नाहीत. तेव्हा काडाच्या ढिगात हात घालताना विंचू आपोआप संपले असतील असं समजू नका. लाल विंचवाने नांगी मारली तर थेट दवाखाना गाठा. या दंशावर प्राझोसिन हे औषध लागू पडतं हे दाखवून देणारे डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्याच जालना जिल्ह्यातले.

राहिलं मीठ. एका पावसात ते बांधावरून रानात उतरतं. मिठातलं सोडियम काळ्या मातीचे कण विलग करतं, पाणी मुरेनासं होतं आणि जमीन चोपण होऊ लागते. मीठ बादलीतच ठेवा. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं बांधालगत अंथरा, सकाळी ऊन चढायच्या आत त्याखालच्या गोगलगायी वेचून मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाका, मेल्यावर खोल पुरा आणि ते पाणी रानात ओतू नका. हातमोजे घाला आणि मुलांना या कामाला लावू नका. या गोगलगायींच्या अंगात उंदरांच्या फुफ्फुसातला एक कृमी असू शकतो, आणि तो माणसाच्या मेंदूपर्यंत जातो.